हरवले ते पीक नव्हे

आषाढी एकादशीचे फराळाचे ताट समोर घ्यावे आणि त्यातील एकेका जिनसाला त्याचे मूळ गाव विचारावे. मोठी मौज होते. बटाटा दक्षिण अमेरिकेतील आंदेस पर्वताच्या पठारांवरचा. शेंगदाणा त्याच खंडातला. आजचा साबुदाणा ज्या कंदाच्या सत्त्वापासून करतात तो टॅपिओकाही तिकडचाच. रताळे अमेरिकेचे, आणि खिचडीत पडणारी हिरवी मिरचीही अमेरिकेचीच. ज्यांचे नाव आमच्या एकाही स्मृतिकाराच्या कानी गेले नव्हते अशा या परदेशस्थांनी आमचे सोवळ्यातले ताट जवळजवळ सर्वस्वी व्यापले आहे, आणि त्यांच्यावाचून आमचा उपवास घडत नाही. पोर्तुगीज गलबतांनी यांतले कित्येक पाहुणे पश्चिम किनाऱ्यावर आणून उतरवले, आणि ‘बटाटा’ हा शब्द तर आम्ही पोर्तुगीजांच्या तोंडूनच उचलला. पाहुण्यांची जात आम्ही विचारली नाही, हे आम्हांस भूषणावह आहे. परंतु त्यांना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पिकवून सांभाळले त्यांचे नावही आम्ही विचारले नाही, हे मात्र भूषणावह खचित नाही.

हे ऋण आज आठवण्यास एक कारण घडले आहे. त्याच आंदेस पर्वतात बटाट्याच्या शेजारी, बहुधा त्याच शेतकऱ्याच्या हातून, आणखी काही कंद पिकतात. त्यांच्याविषयी अलीकडे जिकडे तिकडे लिहिले जाते, आणि लिहिणारा कोणीही असो, त्याच्या लेखणीतून एक शब्द हमखास उतरतो: ‘हरवलेली पिके’. कोणी त्यास ‘विस्मृत’ जोडतो, कोणी ‘उपेक्षित’, कोणी ‘नव्याने सापडलेली’. हा शब्दप्रयोग आम्हांस केवळ चुकीचा वाटत नाही, तर अन्यायकारक वाटतो. एका साध्या विशेषणावर एवढा रोष कशासाठी, असे वाचकांपैकी कोणी विचारील. त्याचे उत्तर देण्यासाठीच हा लेख आहे.

उदाहरणादाखल त्या कंदांपैकी एकच घेऊ. क्वेचुआ भाषेत त्याचे नाव उल्युकु. पेरू देशात स्पॅनिश बोलणारे त्यास ओयुको म्हणतात, एक्वादोरात मेयोको आणि बोलिव्हियात पापालिसा, म्हणजे गुळगुळीत बटाटा. समुद्रसपाटीपासून सुमारे तीन ते चार हजार मीटर उंचीवर, जेथे रात्री पाणी गोठते आणि दुपारी ऊन भाजून काढते, अशा शेतांत तो पिकतो. कंद बोराएवढाही असतो आणि बोटाएवढा लांबोडाही. रंग मात्र विलक्षण: पिवळाधमक, गुलाबी, किरमिजी, जांभळा, कधी पिवळ्यावर लाल ठिपके, आणि साल अशी चकचकीत की कोणी मेण चोळून ठेवले असावे. साल काढावी लागत नाही. शिजवल्यावरही तो पिठूळ न होता किंचित कुरकुरीत राहतो. पेरूमध्ये त्याची वाळवलेल्या मांसाबरोबर केलेली भाजी घरोघर होते. कडाक्याच्या थंडीत गोठवून आणि उन्हात वाळवून त्याचा टिकाऊ प्रकारही करतात, त्यास लिंगली म्हणतात. त्याचा कोवळा पालासुद्धा खातात.

पाला म्हटल्यावर आमच्या गृहिणींस एक गोष्ट सांगितली पाहिजे. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा उल्युकु आमच्या मयाळूच्या कुळातला आहे. ज्या वेलीची पाने आपण बेसनात बुडवून भजी करतो, जिला कोंकणी घरांत वाली म्हणतात, त्याच वेलीचा हा डोंगरी भाऊबंद. मयाळूच्या पिकल्या फळांचा जांभळा रस ज्या जातीच्या रंगद्रव्यांनी बनलेला असतो, त्याच जातीची रंगद्रव्ये उल्युकुच्या सालीत असतात. मयाळूचे पान शिजताना जो बुळबुळीतपणा सुटतो तोच या कंदातही असतो, आणि परका मनुष्य पहिल्या घासाला नाक मुरडतो तो त्याच्याचमुळे. आंदेसमधील बाई हे कंद आधी एकदा उकळून ते पाणी टाकून देते. मयाळूशी जिचा रोजचा संबंध आहे तिला यात शिकवण्यासारखे काही उरत नाही. तात्पर्य, ज्यास जग ‘अद्‌भुत’ म्हणून आज नावाजते ते आम्हांस इतके परके नाही.

आता त्या विशेषणाकडे वळू. १९८९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने आंदेसमधील अल्पज्ञात पिकांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या नावाचा अर्थ ‘इंकांची हरवलेली पिके’. ग्रंथ उपयुक्त आहे, परिश्रमपूर्वक केलेला आहे, आणि त्याच्या कर्त्यांवर अप्रामाणिकपणाचा आरोप आम्ही करणार नाही. ही पिके आंदेसमधील लोकांना चांगली ठाऊक आहेत, हरवली आहेत ती बाहेरच्या जगाला आणि विज्ञानाला, असा खुलासा त्या ग्रंथातच आहे. परंतु खुलासा आतल्या पानावर राहिला आणि नाव मुखपृष्ठावर गेले. त्यानंतर जो तो मुखपृष्ठ वाचून लिहू लागला. ज्यास स्वतःच्या अज्ञानाची कबुली म्हणायचे, त्याचाच पुढे पिकाचा गुणधर्म झाला! आम्हांला ठाऊक नाही म्हणून ते हरवले, हा तर्क एखाद्या बालकाने लपंडावात डोळे मिटून करावा असा आहे.

या तर्काचा फोलपणा उल्युकुच्या बाबतीत तर सरळ सिद्ध करता येतो. गहू, ज्वारी, बाजरी यांचे दाणे असतात. दाणा कोरडा ठेवला तर काही वर्षे टिकतो. कणगीच्या तळाशी विसरलेले बियाणे पुढच्या एखाद्या पावसाळ्यात पेरता येते. उल्युकुचे तसे नाही. त्यास बी क्वचितच धरते. तो लावायचा म्हणजे मागील हंगामातला कंदच मातीत पुरायचा, आणि कंद हा ओला जिन्नस. तो फळीवर ठेवून वर्षानुवर्षे वाट पाहत बसत नाही. याचा अर्थ वाचकांनी क्षणभर नीट ध्यानात घ्यावा. शेतकऱ्यांच्या शेतात आज जो प्रत्येक उल्युकु आहे, त्याच्यामागे गेल्या वर्षी कोणी तरी तो निवडून ठेवलेला होता, त्याच्या आदल्या वर्षी कोणी तरी, आणि असे मागे मागे जाता इंकांच्याही पलीकडे शेकडो वर्षांपर्यंत एकही वर्ष रिकामे सापडत नाही. एका जातीची लावण सर्वांनी एक वर्ष जरी थांबवली असती, तरी ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली असती. पिझारोचे शिपाई आले त्या १५३२ सालीही कोणी तरी लावण केली. देवीच्या साथींनी गावेच्या गावे ओस पडली तेव्हाही उरलेल्यांपैकी कोणी तरी केली. अशा पिकास ‘हरवलेले’ म्हणणे म्हणजे अखंड तेवणाऱ्या नंदादीपास ‘नव्याने सापडलेला उजेड’ म्हणण्यासारखे आहे.

खरोखर हरवणे म्हणजे काय, याचेही उदाहरण त्याच देशाच्या इतिहासात आहे. फेलिपे ग्वामान पोमा दे आयाला या स्थानिक लेखकाने १६१५ च्या सुमारास स्पेनच्या राजाला उद्देशून एक प्रचंड पत्र लिहून पुरे केले. हजाराहून अधिक पानांचे, शेकडो चित्रांचे. वसाहतीच्या कारभारातील जुलूम त्यात त्याने निर्भयपणे मांडला, आणि वर्षाच्या बारा महिन्यांतील शेतीची कामेही चितारली. त्या चित्रांत पुरुष पायाने दाबायच्या नांगराने जमीन उकरतो आहे आणि बायका कंद लावीत आहेत, काढीत आहेत. हे पत्र पुढे कोपनहेगनच्या राजग्रंथालयात पडून राहिले आणि १९०८ साली एका जर्मन विद्वानाच्या नजरेस आले. त्यास हरवणे म्हणावे! सुमारे तीनशे वर्षे ते कागद अंधारात होते. परंतु त्या कागदांवर जे काम रेखाटले होते ते मात्र डोंगरावर एकाही वर्षी थांबले नव्हते. कागद हरवला, पीक हरवले नाही. कागदावर विसंबणाऱ्यांस हा भेद उमगू नये, याचे आम्हांस आश्चर्य वाटत नाही.

‘हरवलेली’ हा शब्द जितका खोटा, तितकाच त्याच्या मागचा ‘इंकांची’ हा शब्दही. इंकांचे साम्राज्य फार तर शंभर वर्षांचे. ही पिके त्यांच्या कितीतरी आधी रानातून शेतात आणली गेली, आणि ती आणणारे राजे नव्हते. क्वेचुआ, आयमारा आणि आज ज्यांची नावेही उरली नाहीत अशा अनेक समाजांतील शेतकरी होते. पिकाला राज्यकर्त्याचे नाव द्यायचे आणि राज्य बुडाले की पीकही बुडाले असे समजायचे, ही इतिहास लिहिण्याची मोठी सोयीची रीत आहे. पेशवाई १८१८ साली बुडाली म्हणून नाचणी त्या दिवसापासून हरवली, असे कोणी म्हटल्यास आम्ही हसू. मग परक्याच्या बाबतीत ते गंभीरपणे का लिहावे?

आता ‘उपेक्षित’ या दुसऱ्या शब्दाचे पाहू. हा शब्द वरकरणी सहानुभूतीचा दिसतो. परंतु व्याकरणदृष्ट्याच त्यात एक चलाखी आहे: कर्ता गाळलेला आहे. उपेक्षित खरे, पण कोणी उपेक्षिले? जमिनीने नव्हे, पावसाने नव्हे. १५७० नंतरच्या दशकात व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदो याने डोंगरातील वस्त्या मोडून लोकांना नव्या, आखीव गावांत कोंडले, आणि खेड्याखेड्यांतून पुरुष पोतोसीच्या चांदीच्या खाणीत वेठीला धाडले. शेत दूर आणि हात खाणीत, अशा स्थितीत शेतीची काय अवस्था झाली असेल ते निराळे सांगावयास नको. जेत्यांनी आपला गहू आणि सातू आणला, आपल्या चवीला मान दिला आणि डोंगरी कंदास ‘इंडियनांचे खाणे’ म्हणून हिणवले. एकोणिसाव्या शतकात स्पेनचे राज्य गेले, पण ही चव राहिली. नवी प्रजासत्ताके आली, त्यांची राजधानीची शहरे आली. त्या शहरांनीही परदेशातून येणाऱ्या गव्हाची पोळी प्रतिष्ठेची मानली आणि कंदाला खेडवळ ठरवले. पेरूला आपला बहुतेक गहू आजही बाहेरून आणावा लागतो. हा सर्व इतिहास ‘उपेक्षित’ या एका कर्मणी प्रयोगाने झाकला जातो. ज्यांनी उपेक्षिले त्यांचेच वारस आज शोधकाच्या थाटात परत येतात, आणि आपण टाकलेल्या वस्तूचा जीर्णोद्धार केल्याचे श्रेय घेतात.

कोणी म्हणेल की हा शब्दांचा कीस आहे. शब्दाने कोणाचे पोट मारले जात नाही. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. शब्दाने पोट मारले जाते, आणि कायद्याच्या मार्गाने मारले जाते. जे हरवले आहे ते ज्यास सापडते त्याचे होते, ही जगाची जुनी समजूत आहे. जे उपेक्षिले गेले त्याचे मात्र उपेक्षा करणाराने देणे लागते. यास्तव पहिला शब्द जगास प्रिय आहे आणि दुसऱ्याचा कर्ता गाळला जातो.

याची साक्ष आमच्याच घरात आहे. १९९५ साली अमेरिकेत जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट देण्यात आले. ज्या देशात पोराचे ढोपर फुटले की आजी स्वयंपाकघरात हळदीचा डबा शोधते, त्या देशाला ते रद्द करून घेण्यासाठी झगडावे लागले. गोव्यातील माशेल गावी जन्मलेले डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुराव्यादाखल पुढे केले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. या विजयाचा आम्हांस अभिमान आहे. तथापि त्यातला बोचणारा भाग विसरता येत नाही: आजीची साक्ष चालली नाही, छापील कागद चालला. आमच्यापाशी कागद होते म्हणून आम्ही सुटलो. ज्या समाजाचे ज्ञान हातात, मातीत आणि बोलण्यात आहे, कागदावर नाही, त्याने काय करावे? आंदेसमधील माका या दुसऱ्या एका पिकाच्या अर्कावर २००१ साली अमेरिकेत पेटंट दिले गेले. तेव्हा पेरूला हाच प्रश्न भेडसावला, आणि २००४ साली त्या देशाने अशा चोरीस आळा घालण्यासाठी कायद्याने एक राष्ट्रीय आयोगच स्थापला. ‘हरवलेले’ या विशेषणाची किंमत अशी मोजावी लागते.

आता आमच्या विरुद्ध जे दोन आक्षेप सामान्यतः घेतले जातात त्यांचा परामर्श घेतला पाहिजे, कारण ते बिनबुडाचे नाहीत.

पहिला आक्षेप असा: चांगले अन्न साऱ्या जगाला मिळावे, यात वाईट काय? तुम्ही बटाटा घेतलात तेव्हा कोणाची परवानगी घेतली होती? आक्षेप रास्त आहे. आम्ही कोणत्याही पिकाभोवती कुंपण घालू इच्छीत नाही. आंदेसच्या लोकांनीही ते कधी घातले नाही. परंतु बटाट्याच्या प्रवासातून जो धडा मिळतो तो संपूर्ण वाचावा. युरोपात गेले ते बटाट्याच्या हजारो जातींपैकी मूठभर वाण. आयर्लंडमधील गरिबांचा सर्व भार तर जवळजवळ एकाच वाणावर होता. १८४५ साली करपा आला आणि त्यास अडवील असे त्या शेतांत काहीच नव्हते. पुढील काही वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसे भुकेने आणि रोगाने मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्या दुष्काळाला जमीनदारी आणि सरकारी धोरण हीही कारणे होतीच. पण शेतातील आरंभ तेथे झाला. आंदेसमधील शेतकरी एकाच शेतात अनेक वाण मिसळून लावतो. उल्युकु, ओका आणि माश्वा हे तीन निरनिराळ्या कुळांचे कंद शेजारी शेजारी लावतो, आणि बटाट्याच्या मागून पाळीपाळीने लावतो. यास जगाने मागासलेपणा म्हटले. पीक उचलले, पण ते पिकवण्याची समज तेथेच सोडून आले, आणि त्याचे प्रायश्चित्त घेतले ते भलत्याच गरिबांनी.

त्याच दुष्काळानंतर युरोपात बटाट्यास पर्याय म्हणून उल्युकु लावून पाहण्यात आला. तो फसला. कारण गमतीचे आहे. उल्युकुला कंद धरतात ते दिवस लहान होऊ लागल्यावर. विषुववृत्ताजवळच्या डोंगरात ते ठीक जमते. उत्तरेकडील देशांत उन्हाळ्याचा दिवस लांबच लांब असतो, आणि तो लहान होऊन कंद भरू लागतात न लागतात तोच हिमाचा तडाखा येतो. म्हणजे ज्यास बाहेरच्यांनी टाकून दिले त्याने खरे पाहता बाहेरच्यांच्या अटीवर येण्यास नकार दिला होता. तेव्हा ‘साऱ्या जगाला खाऊ घालणारे पीक’ अशी जी भाषा आज पुन्हा कानी येते तिच्याविषयी आम्ही साशंक आहोत. उल्युकुने साऱ्या जगाला जेवू घालण्याची आवश्यकता नाही. तो आपल्या डोंगरातील माणसांना नीट जेवू घालो आणि त्यांना त्याचा उचित दाम मिळो, एवढे पुरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तो असा: तेथील लोकच हे पीक सोडीत आहेत; तरुण लिमाला, ला पासला जातात, तांदूळ आणि शेवया खातात; मग ‘हरवत चाललेले’ म्हटले तर बिघडले कोठे? यातील वस्तुस्थिती आम्ही नाकारीत नाही. वाणांची संख्या अनेक खोऱ्यांत घटते आहे. कंदातून कंद लावीत गेल्याने विषाणूंचे रोग पिढ्यान्‌पिढ्या साचतात आणि उतारा कमी होतो. हवा तापत चालल्याने कंदांची शेते वर-वर सरकत आहेत, आणि डोंगराला शेवटी माथा असतो. हे सर्व खरे आहे. परंतु ‘हरवते आहे’ आणि ‘सोडावे लागते आहे’ यांत अंतर आहे. वस्तू आपोआप हरवते. सोडण्यास कोणी तरी भाग पाडतो. ज्या बाजारात व्यापारी एकाच रंगाचा, एकाच आकाराचा माल उचलतो, तेथे दहा रंगांचे कंद लावणारी बाई हळूहळू नऊ रंग सोडून देते. तिची निवड चुकली असे म्हणण्याचा अधिकार आम्हां भरल्या पोटाच्या लोकांस नाही. प्रश्न तिला तो पर्याय कोणी ठेवला नाही हा आहे.

पर्याय ठेवता येतो, हेही दिसून आले आहे. लिमा येथे १९७१ साली आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र स्थापन झाले. बटाट्याबरोबर उल्युकु आणि त्याच्या भावंडांचे वाणही तेथे जतन केले जातात. रोपाच्या शेंड्याचा सूक्ष्म अंकुर काचनळीत वाढवून त्यातील विषाणू काढून टाकण्याची विद्या तेथील शास्त्रज्ञांना अवगत आहे. विज्ञान कागदाचा धनी न होता शेताचा सेवक झाले तर काय घडते, याचे उदाहरण म्हणजे कुस्कोजवळ पिसाक येथील ‘बटाटा उद्यान’. तेथील सहा क्वेचुआ गावांनी एकत्र येऊन २००४ च्या अखेरीस या केंद्राशी करार केला, आणि पूर्वी त्या भागातून नेलेल्या बटाट्यांचे चारशेहून अधिक वाण रोगमुक्त करून त्या गावांना परत देण्यात आले. परत देण्यात आले, हे शब्द वाचकांनी अधोरेखित करावेत. ‘शोध’, ‘पुनरुज्जीवन’, ‘उद्धार’ या शब्दांपुढे हा एक ‘परत’ आम्हांस अधिक सभ्य वाटतो. जे बटाट्याबाबत झाले ते उल्युकुबाबत का होऊ नये? परंतु बटाटा जगाच्या पैशाचा आहे आणि उल्युकु नाही. २००१ साली राष्ट्रांनी पिकांच्या वाणांविषयी जो आंतरराष्ट्रीय करार केला, त्याला जोडलेल्या सामायिक पिकांच्या यादीत बटाटा, रताळे, टॅपिओका यांना स्थान मिळाले. उल्युकुचे नाव त्या यादीत नव्हते. ज्यांच्या ओठी ‘हरवलेल्या पिकां’ची कणव असते, त्यांना ही गोष्ट आधी टोचावयास हवी होती.

नाव ठेवण्याचीही एक सभ्य रीत असते, हे उल्युकुच्याच शास्त्रीय नावात दिसते. १८०९ साली न्यू ग्रॅनाडातील, म्हणजे आजच्या कोलंबियातील, शास्त्रज्ञ फ्रान्सिस्को होसे दे काल्दास याने या वनस्पतीचे शास्त्रीय वर्णन केले. त्याने आपल्या एखाद्या आश्रयदात्याचे नाव तिला चिकटवले नाही. शेतकरी जे म्हणत होते तेच लॅटिनच्या वेषात मांडले: उल्युकुस ट्यूबेरोसुस. पुढे स्वातंत्र्ययुद्धात भाग घेतल्याबद्दल १८१६ साली स्पॅनिश अधिकाऱ्यांनी काल्दासला बोगोता येथे गोळ्या घालून ठार केले. ज्याने शेतकऱ्याचा शब्द विज्ञानात राखला त्याचा प्राण राज्यसत्तेने राखला नाही. परंतु शब्द राहिला. जगातील कोणताही वनस्पतिशास्त्रज्ञ आज हे रोप ओळखतो ते क्वेचुआ नावानेच.

आणि आता थोडे स्वतःकडे पाहू, कारण दुसऱ्यास नावे ठेवून मोकळे होणे ही वादविवादाची सर्वांत स्वस्त जात आहे. पावसाळा आला की आमच्या शहरांतून ‘विस्मृतीत गेलेल्या रानभाज्या’ असे फलक लागतात. ज्या फलकाखाली हे शब्द असतात त्याच फलकाखाली एक बाई टोपली घेऊन बसलेली असते. तिला त्या भाज्यांची नावे, ऋतू, कोणती दोनदा उकळायची आणि कोणती दिवसांत असलेल्या बाईला द्यायची नाही, हे सर्व ठाऊक असते. तिच्या डोक्यावरच ‘विस्मृती’ टांगायची आणि तिच्याच टोपलीतून जुडी उचलताना दोन रुपयांची घासाघीस करायची, यास काय म्हणावे? अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जतन केल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांनी हरवलेले काही शोधून काढले असे आम्ही म्हणणार नाही. जे आपल्या घरात होते आणि शेजारपाजारच्या घरांत होते, ते त्यांनी जाऊ दिले नाही. सापडवण्यापेक्षा हे काम कठीण आहे, कारण त्यास एकाही वर्षी सुट्टी नसते.

या पत्रिकेच्या वाचकांस ही गोष्ट फार समजावून सांगण्याची गरज नसावी. गोव्यात, बेळगावच्या सीमाभागात, इंदूर-ग्वाल्हेरीत, बडोद्यात, हैदराबादेत आपण पिढ्यान्‌पिढ्या आपली भाषा घरात बोलत आलो आहोत. तरी बाहेरून एखादा सज्जन येतो आणि ‘तुमच्याकडे अजून ही भाषा शिल्लक आहे!’ म्हणून कौतुकाने डोळे विस्फारतो. त्याच्या कौतुकात आपणांस जो काटा लागतो, तोच काटा आंदेसमधील शेतकऱ्याला ‘हरवलेले पीक’ या शब्दाने लागत असला पाहिजे. त्याच्या क्वेचुआ भाषेला पेरूमध्ये अधिकृत दर्जा मिळाला तो १९७५ साली. म्हणून ती काय १९७५ साली जन्मली? भाषा काय आणि कंद काय, दोन्ही रोज वापरल्याने टिकतात. न वापरता जपून ठेवलेली भाषा कोशात जाते आणि न लावता जपून ठेवलेला कंद काचनळीत. कोशाला आणि काचनळीला आम्ही नमस्कार करतो. परंतु संसार तेथे होत नाही.

म्हणून आमचे मागणे थोडके आहे. या पिकांविषयी लिहिणाराने ‘हरवलेली’ हा शब्द टाकावा आणि ‘आम्हांस ठाऊक नसलेली’ असे लिहावे; वाक्य थोडे लांबेल, पण खरे होईल. ‘उपेक्षित’ लिहावयाचे असल्यास कोणी उपेक्षिले ते त्याच वाक्यात लिहावे. संस्थांनी जे नेले ते निरोगी करून परत द्यावे. आणि बाजाराने दहा रंगांच्या टोपलीला दहा रंगांचा दाम द्यावा; फुकट मिळणाऱ्या सहानुभूतीपेक्षा शेतकरी बाईला तो अधिक उपयोगी पडेल.

दक्षिण गोलार्धात सप्टेंबर-ऑक्टोबर हा या कंदांच्या लावणीचा काळ. आमच्याकडे आषाढीचा फराळ होऊन नवरात्राच्या उपवासाची तयारी चालू असते, त्याच सुमारास तिकडे तीन-चार हजार मीटर उंचीवर कोणी पुरुष पायनांगराने ढेकूळ उचलतो आणि कोणी बाई त्याखाली मागील सालचा निवडून ठेवलेला कंद सरकवते. तिला आपण काही हरवलेले शोधीत आहोत असे वाटत नाही. ती यंदाची लावण करते आहे. उपवासाचे ताट पुढे ओढताना आम्ही तिची एवढी तरी ओळख ठेवावी.